फ्लोटमधली हवा

१

बातमी आली त्या दिवशी मी प्रकाशकांच्या कचेरीत माझ्याच पुस्तकाचं मुखपृष्ठ बघत बसलो होतो. चित्रकाराने त्यावर एक होडी काढली होती. पुस्तकात होडी नव्हती. नदीसुद्धा नव्हती.

"होडी खपते," प्रकाशक म्हणाले.

"मग आतही एखादी घालू का?"

त्यांना ते पटल्यासारखं दिसलं. तेवढ्यात फोन वाजला. वहिनींचा होता.

"भाऊजी, हे अजून आले नाहीत हो."

वहिनी त्यांच्या मावसबहिणीकडे राहायला गेल्या होत्या आणि दादा त्यांना न्यायला जाणार होता. गाडीने. म्हणजे त्या गाडीने, जी आमच्या वडिलांनी घेतली तेव्हाच जुनी होती. आता तिला जुनी म्हणणं असभ्य समजतात, 'व्हिंटेज' म्हणायचं असतं. भंगाराला परकं नाव दिलं की त्याच्याभोवती टोपी घातलेली माणसं जमतात.

"वाटेत बंद पडली असेल," मी म्हटलं. "तिला तेवढंच तर नीट येतं."

"फोन उचलत नाहीत."

"हात काळे असतील. येईल."

मी फोन ठेवला आणि पुन्हा होडीवरून भांडायला लागलो. शेजाऱ्यांनी गॅरेजचं दार उघडलं तेव्हा दादा आपल्या स्टुलावर बसलेला होता, कपाळ गाडीच्या मडगार्डला टेकवून. झोप लागल्यासारखा, असं सगळे म्हणाले. लोक नेहमी तसंच म्हणतात. सोल्डरिंग गन चालूच राहिली होती आणि तिने बाकाच्या फळीला काळी खाच पाडली होती. उजवी मूठ घट्ट मिटलेली. डॉक्टरांनी ती उघडली, तर आत कार्बुरेटरचा फ्लोट.

माणसं देशापायी जातात, प्रेमापायी जातात, दारूपायी जातात. आमचा दादा फ्लोटपायी गेला.

२

ज्यांनी आपलं आयुष्य सत्कारणी लावलं आहे त्यांच्यासाठी सांगतो. कार्बुरेटरमध्ये पेट्रोलची एक छोटी वाटी असते आणि त्या पेट्रोलवर पितळेची एक बंद, पोकळ डबी तरंगत असते. ती म्हणजे फ्लोट. पेट्रोल वर आलं की डबी वर येते आणि एका सुईने वाट बंद करते. पेट्रोल उतरलं की डबी उतरते आणि वाट उघडते. संपली अक्कल. आयुष्यभर एवढंच करून निवृत्त झालेले पुष्कळ अधिकारी मी पाहिले आहेत.

या डबीला भोक पडलं की तिच्यात पेट्रोल शिरतं, ती बुडते, वाट बंद होत नाही आणि पेट्रोल सगळीकडे वाहतं. उपाय सोपा. फ्लोट गरम पाण्यात धरायचा. आतली हवा फुगून जिथून बुडबुडे येतील तिथे भोक. आतलं पेट्रोल काढून टाकायचं, भोकावर डाख द्यायचा, म्हणजे सोल्डरिंग गनने वितळवलेला धातूचा एक थेंब. वडिलांनी आम्हा दोघांनाही हे शिकवलं होतं. मी शिकून सोडून दिलं. दादा शिकला आणि तिथेच राहिला.

त्यात त्याने स्वतःची एक भर घातली होती. डाख देण्याआधी तो फ्लोटचं भोक ओठांना लावून आत फुंकर मारायचा. आत वाफ राहिली तर डाख धरत नाही, असं त्याचं शास्त्र. दोन आखूड फुंकरी, एक लांब. लहानपणी चेंडू लागून त्याचं नाक वाकडं झालं होतं, त्यामुळे लांब फुंकरीच्या शेवटी बारीक शीळ वाजायची. ती वाजली की लगेच डाखाचा थेंब.

"तोंड आहे की पंप?" वडील म्हणायचे, आणि कौतुकाने बघायचे. मला ओकारी यायची. पेट्रोल चाटणाऱ्या माणसाचं कौतुक काय करायचं?

म्हणजे दादाने दुरुस्त केलेल्या प्रत्येक फ्लोटमध्ये त्याचा श्वास बंद झालेला असे. यात विशेष काही नाही. फुग्यातही कोणाचा तरी श्वास असतोच.

३

भेटायला माणसं आली. दुःखाच्या घरी माणूस आधी खुर्ची शोधतो आणि मग, गेलेला आपल्याला किती मानत होता, ते सांगतो. जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष चामडी टोपी घालून आले. बैठकीच्या खोलीतही त्यांना वारं लागत असावं.

"लेखकसाहेब, तुमचे बंधू म्हणजे ऋषी होते, ऋषी."

"ऋषी आंघोळ करत," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "ही गाडी आमच्या ताफ्यात सगळ्यांत पुढे चालली पाहिजे. त्यांच्या स्मरणार्थ. घोडं कुठे पेंड खातंय ते मी सांगतो तुम्हाला. कॉइल बदला."

"कॉइल ठिणगीसाठी असते. इथे पेट्रोल वाहायचं. तो फ्लोट दुरुस्त करत होता."

"तेच म्हणतोय मी. कॉइल."

उंटावरून शेळ्या हाकणारे मी खूप पाहिले. यांचा उंटही भाड्याचा होता.

ते गेल्यावर वहिनी आणि मी उरलो. वहिनींना आता धड दिसत नाही. चहा कपाच्या बाहेर ओततात आणि बशीला दोष देतात. दादा गेल्यावर एकदा त्यांनी गॅस चालू ठेवून बाहेरून कडी लावली. शेजाऱ्यांना वास आला म्हणून निभावलं. माझी पुतणी परगावी असते. ती फोनवर रडत म्हणाली होती, "काका, काहीही करा, पण आईला इकडे आणून सोडा. तिथे एकटी राहिली तर एक दिवस घरासकट जाईल."

"जाईन की," वहिनी म्हणाल्या. "मी नाही कुठे म्हणते? पण हे मला ताईच्या फाटकापाशी न्यायला येणार होते. मी बॅग घेऊन उभी होते तिथे. तिथूनच न्या मला, याच गाडीतून. मग स्टेशनावर सोडा नाहीतर आणखी कुठे."

"वहिनी, मी टॅक्सी आणतो."

"टॅक्सी येणार नव्हती, भाऊजी."

मग उठून त्यांनी रुमालात बांधलेला फ्लोट माझ्या हातात दिला. "आणि हा बसवा. यांनी केलेला."

म्हणजे माझ्या वहिनींचा जीव आता एका पितळी डबीवर अवलंबून होता. आमच्या घराण्याला शोभेल असंच.

४

गॅरेज म्हणजे स्वयंपाकघराला चिकटलेली एक लांबट खोली. एक दार, आणि बाकाच्या वर, बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर येईल अशी, एकच काचेची खिडकी. थंडीचे दिवस होते. दादाचं स्टूल मी उलटं करून कोपऱ्यात ठेवलं आणि उभ्यानेच काम केलं. बाकावरच्या जळक्या खाचेवर एक फडकं टाकलं. दादा सतत चघळायचा त्या घसा-बसल्याच्या गोळ्यांचा वास सगळीकडे होता, तो दार उघडं ठेवलं की जाईल असं मला वाटलं.

फ्लोट बसवला, पेट्रोलचा नळ उघडला, आणि कार्बुरेटरमधून पेट्रोल घळाघळा वाहायला लागलं.

माझे हात अजून सगळं जाणून होते याचा मला रागच आला. मी सुई काढली, पुसली, घासली. सुई बसते ती जागा भिंगाखाली पाहिली. फ्लोटची पट्टी केसभर वाकवून पातळी जमवली. पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. तेव्हा फ्लोटच काढला आणि वडिलांनी शिकवल्याप्रमाणे कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल असेल तर डुचमळतं.

आत काही नव्हतं. फ्लोट कोरडा होता, पिसासारखा हलका. मी तो एका वाडग्यात पेट्रोल घेऊन त्यावर सोडला. छान तरंगला. बुडायला काहीच कारण नसलेला फ्लोट गाडीत मात्र बुडत होता तर! नाचता येईना तर अंगण वाकडं, हे यंत्रांनाही लागू असतं म्हणून मी दुसरीकडे दोष शोधायला वळणार, तेवढ्यात फ्लोट खाली गेला.

फार नाही. नखभर. मग वर आला.

पुन्हा गेला, पुन्हा आला. मग सावकाश, जास्त खोल गेला, तिथे थोडा थांबला आणि वर आला.

खिडकीतून ऊन येत होतं. पितळ तापतं, आतली हवा फुगते, निवते. मी वाडगं उचलून गाडीखाली, सावलीत, गार फरशीवर ठेवलं आणि पालथा पडून पाहिलं. फ्लोट वरखाली होत होता. दोन आखूड, एक लांब. बाजूने मोटार गेली असेल, फरशी हादरत असेल. मी फरशीला कान लावला. फरशी अगदी निमूट होती.

थोड्या वेळाने लक्षात आलं, की मीही तसाच श्वास घेतो आहे. दोन आखूड, एक लांब. मी मुद्दाम वेगळा घ्यायला गेलो आणि मला ठसका लागला.

५

भोक कुठे आहे ते बघायला हवं होतं. भूत, आत्मा वगैरे गोष्टी रिकामटेकड्या लोकांसाठी आहेत. ज्याच्याकडे पातेलं आणि शेगडी आहे त्याने आधी पाणी तापवावं. मी पाणी तापवलं आणि चिमट्यात फ्लोट धरून बुडवला.

बुडबुडे लगेच आले. ते दादाने दिलेल्या डाखाच्या मधोमध येत होते. मी भिंग धरलं. डाखाचा थेंब अर्धाच पसरला होता. मध्ये सुईच्या टोकाइतकं भोक तसंच राहिलं होतं. हात तिथेच थांबला असणार. अखेरच्या कामातही कसर. मला बरंच वाटलं. कारण सापडलं की मला बरं वाटतं.

पण भोक असेल तर आत पेट्रोल शिरायला हवं होतं.

आणि बुडबुडे थांबत नव्हते. एवढ्याशा डबीत मावून मावून किती हवा मावणार? दादाच्या खोक्यात तसाच एक जुना फ्लोट होता. मी खिळ्याने त्याला भोक पाडलं आणि शेजारी बुडवला. चार-दोन बुडबुडे आले आणि संपले. शहाण्या वस्तूसारखा तो गप्प झाला. इकडे हा चालूच. एक झुबका, दुसरा झुबका, मग लांबलचक सर, पाण्याच्या वरपर्यंत. मग काही नाही. मग पुन्हा. पाणी निवलं, तरी चालू. पातेल्यावर तोंड नेलं तर वाफेला घसा-बसल्याच्या गोळ्यांचा वास.

मी फ्लोट झटकन वर काढला आणि भोकावर अंगठा दाबला. अंगठा आत ओढला गेला. हळूच, तान्हं मूल बोट चोखतं तसा.

अर्थात. पितळ निवताना आतली हवा आकसते आणि बाहेरचं आत ओढून घेते. नववीच्या पुस्तकात आहे.

मग आतून अंगठ्यावर ऊन फुंकर आली, आणि बारीक शीळ वाजली. हे नववीच्या पुस्तकात नाही.

६

"आले का?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात पोळपाटासारखं धरलेलं ताट, त्यात माझं जेवण, निम्मं ताटाच्या बाहेर.

"कोण?"

"शीळ वाजली ना?"

"फ्लोटला भोक आहे. हवा जाते-येते, त्याची शीळ."

वहिनी चाचपडत बाकापाशी आल्या. मी न सांगता त्यांनी फ्लोट माझ्या हातातून घेतला आणि कानाशी धरला. त्यांचा चेहरा बदलला नाही. वाटाण्याची शेंग कानाशी हलवून बघावी तसा साधा चेहरा.

"जिना चढून आल्यावर यांचं असंच व्हायचं," त्या म्हणाल्या. "दोनदा थांबायचे आणि मग मोठा श्वास. मी म्हणायची, डॉक्टरांना दाखवा. म्हणायचे, गाडीचं झालं की दाखवतो."

"वहिनी, ही नुसती हवा आहे."

"मग? तुमची कशाची आहे?"

मी चिमटा पुसायला घेतला. पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाला निरुत्तर करायला एक अडाणी वाक्य पुरतं.

"बुजवून टाका ते भोक," त्या म्हणाल्या. "आणि बसवा गाडीत."

"बुजवलं तर आत आहे ते आतच राहील." हे मी बोललो, आणि बोलल्यावर मला माझी किळस आली. आत काय आहे असं मी धरून चाललो होतो?

"आणि उघडं ठेवलं तर?"

"तर संपून जाईल कधीतरी."

"संपायला हवं होतं तर एवढे दिवस राहिलं असतं का?" त्यांनी फ्लोट माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटवली, अगदी हळू, डॉक्टरांनी दादाची उघडली होती त्याच्या उलट. "यांना अर्धवट टाकून उठता यायचं नाही, भाऊजी. जेवायला दहा हाका माराव्या लागायच्या. शेवटचा स्क्रू फिरवला की मग उठायचे. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे."

"मग करा की पुरं. यांचं बसून बसून अंग आंबलं असेल."

मी सोल्डरिंग गन लावली. ती तापली. मी फ्लोट चिमट्यात धरला, डाखाची तार भोकावर टेकवली. आणि भोकातून तारेवर फुंकर येऊ लागली. दोन आखूड, एक लांब. शीळ.

ती वाजली की लगेच थेंब सोडायचा असतो. मी सोडला नाही. मी गन बंद केली आणि वहिनींना म्हटलं की डाख संपला आहे.

तारेचं अख्खं भेंडोळं बाकावर पडलं होतं. त्यांना ते दिसलं नाही.

७

अध्यक्षांनी एक नवाकोरा फ्लोट पाठवला, मखमली डबीत. सोबत निरोप: कॉइलचं विसरू नका. मी तो बसवला. गाडी एका दमात चालू झाली आणि शिवणाच्या मशीनसारखी एकसुरी चालत राहिली. पेट्रोलचा एक थेंब गळला नाही. इतकं सोपं होतं. दादाने आयुष्यभर जे केलं ते एक चामडी टोपी आणि एक मखमली डबी मिळून करू शकत होत्या.

वहिनींना मी आधीच त्यांच्या ताईकडे पोचवलं होतं, बॅगेसकट. पुतणीला कळवलं होतं की आज आई निघते. जुना फ्लोट बाकावर एका झाकणात ठेवला, भोक वर करून. शेगडी, गन, सगळं बंद केलं. खिडकी लावली. दाराला कुलूप घातलं. स्टूल कोपऱ्यात उलटंच होतं. हे मी मुद्दाम पाहिलं.

रस्त्याने लोक माना वळवून गाडीकडे बघत होते. एकाने तर सलाम ठोकला. भंगाराला सलाम ठोकणाऱ्यांची या जगात वाण नाही.

वहिनी फाटकापाशी उभ्या होत्या. बॅग हातात, ती खाली ठेवायला तयार नाहीत. गाडी थांबली तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला, की मी दुसरीकडे बघितलं. मी उतरून दार उघडून धरलं. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि ऐकत राहिल्या. चेहरा हळूहळू विझला.

"यांचा कुठाय?"

"घरी आहे. बाकावर."

"बुजवलात?"

खोटं बोलणं सोपं होतं. माझा धंदाच तो आहे. पण त्यांचा हात अजून बॉनेटवर होता.

"नाही."

"मग तुम्ही एकटेच आलात म्हणायचं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. दूधवाला आला नाही हे सांगावं तशा बोलल्या.

"वहिनी, स्टेशनावरची गाडी सुटेल. पोर तिकडे वाट बघत असेल."

"तिला सांगा, बाबा उठले की निघते. जा. पुरं करून या. मी आहे इथेच." आणि त्या फाटकाच्या पायरीवर बसल्या, बॅग मांडीवर घेऊन.

मी परत आलो. ठरवलं होतं की थेंबभर डाख द्यायचा आणि मोकळं व्हायचं. म्हातारीची समजूत. जरा जास्त वेळ घेणारी समजूत, इतकंच. गाडी रस्त्यावर लावली, किल्ली काढली आणि घराच्या बाजूने गॅरेजच्या दाराकडे निघालो. वाटेत ती खिडकी लागते.

खिडकीची काच आतून धुरकटली होती. पूर्ण नाही. खालच्या भागात, ताटलीएवढी गोल जागा. मी बघत असताना ती कडेने आकसत गेली, नाणं उरावं इतकी. मग पुन्हा पसरली. दोनदा थोडी, एकदा पुष्कळ. बाहेर गारठा, आत ऊब. उबदार हवा गार काचेवर आली की धुकं धरतं. हे नववीच्या पुस्तकात आहे, मी ते स्वतःशी मोठ्याने म्हटलं. पण शेगडी सकाळीच विझवली होती, आणि आत ऊब कशाची असेल हा प्रश्न त्या पुस्तकात विचारलेला नाही.

मग त्या धुक्यात मधोमध, अंगठ्याने पुसावी तशी, एक स्वच्छ जागा उमटली. आतून.

मी त्यातून आत पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. कुठलाही विचारी माणूस पाहील. मी फक्त ऐकलं. आत फरशीवर स्टूल ओढल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काही नाही. कामात गढलेल्या माणसाच्या खोलीत असतं तसं काही नाही. वाट बघत असल्यासारखं. कोणी तरी येऊन गन लावून द्यावी, म्हणजे हात मोकळे होतील, असं.

मी परत फिरलो. गाडी तिथेच आहे, किल्ली माझ्या खिशात. अध्यक्षांचे फोन येतात, पुतणीचे येतात. वहिनी अजून त्यांच्या ताईकडेच आहेत, बॅग उघडलेली नाही असं ताई सांगतात. रोज फाटकापाशी जाऊन बसतात. मी म्हणतो, आज जातो, नक्की जातो.

फ्लोटचं भोक बुजवायचं राहिलं आहे.